स्टेडियम बंद असताना नव्या चाहत्याने काय करावं

फुटबॉल क्लबच्या प्रेमात नुकताच पडलास आणि स्टेडियमला कुलूप लागलं, म्हणून हिरमुसू नकोस. सामना मात्र थेटच बघ, हायलाइट्सवर भागवू नकोस. कोरोनामुळे थांबलेली प्रीमियर लीग (इंग्लंडची अव्वल फुटबॉल स्पर्धा) १७ जून २०२० ला रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपणात गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायचे. असा आवाज बंद करायची सोय असेल तर बंदच कर (मला तरी तो कानाला टोचतो). मग गोलकीपर बचावफळीला ओरडून कसा हलवतो, 'मागे माणूस आहे' हे कोण कोणाला सांगतं, सगळं ऐकू येतं. भरल्या स्टँडमध्ये यातलं काही कळलं नसतं.

दोन-तीन जुन्या चाहत्यांना व्हिडिओ कॉलवर घे. कुणाचं तरी प्रक्षेपण काही सेकंद पुढे असतंच. गोल आधीच ओरडून सांगणाऱ्याला खुशाल म्यूट कर.

जर्मनीत म्योन्शनग्लाडबाख क्लबच्या चाहत्यांनी २०२० मध्ये १९ युरो मोजून स्वतःचे पुठ्ठ्याचे कटआउट स्टँडमध्ये बसवले. गंमत म्हणून झकास! पण हात आखडता असेल तर सीझन तिकिटाचा परतावा मागायला लाजू नकोस, बडे क्लब तग धरतील. खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांचं पोट मात्र बरंचसं तिकिटांवरच चालतं. तिथे जमलं तर पैसे राहू दे.