संमतीने घटस्फोट घ्यायचाय, दोघांना एकच वकील चालेल का?

प्रश्न : लग्नाला बारा वर्षं झाली, नऊ वर्षांची मुलगी आहे. संसार संपला आहे हे आम्हा दोघांनाही मान्य आहे. दीड वर्षापासून एकाच घरात वेगळ्या खोल्यांत राहतो. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, कर्ज चालू आहे. मुलीसाठी मी नोकरी सोडली, पैशांचे व्यवहार सगळे हेच बघतात. यांचं म्हणणं, त्यांच्या ओळखीचे वकील दोघांचे कागद करतील. दुसरा वकील आला की भांडण लागेल. मलाही कोर्टात चिखलफेक नकोच आहे. सही करू का?

उत्तर : ताई, आत्ता सही करू नका. इतकं होऊनही तुमच्या दोघांत कडवटपणा नाही, ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती टिकावी असं मलाही मनापासून वाटतं. पण फ्लॅट, पोटगी, मुलीचा ताबा यांतल्या प्रत्येक बाबतीत एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा ठरू शकतो. ते वकील कितीही सज्जन असोत, ‘ही रक्कम तुम्हाला कमी पडेल’ हे तुम्हाला सांगणं त्यांना जमणार नाही. आज गप्प राहून केलेली सही दोन वर्षांनी सलायला लागते आणि टाळलेलं भांडण तेव्हा दुपटीने उभं राहतं.

तुम्हाला हवी आहे ती वाट ‘कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स’ या पद्धतीत आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले कौटुंबिक वकील स्टू वेब यांनी ती १९९० मध्ये सुरू केली. नवरा-बायकोचे वकील वेगवेगळे असतात, पण बोलणी चौघं एकत्र बसून करतात. त्याआधी लेखी करार होतो : बोलणी चालू असताना कोणी कोर्टात दावा लावणार नाही, माहिती लपवणार नाही आणि बोलणी फिसकटली तर दोन्ही वकील बाजूला होतील, पुढची लढाई नवे वकील लढतील. या शेवटच्या कलमावर सगळी पद्धत उभी आहे. ‘कोर्टात बघून घेऊ’ ही धमकी देणाऱ्या वकिलालाच मग त्या कोर्टात उभं राहता येत नाही. पक्षकारालाही सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगण्याचा त्रास आणि खर्च डोळ्यांसमोर दिसतो. त्यामुळे तडजोड निघेपर्यंत चौघंही टिकून बसतात. मध्यस्थीत मध्यस्थ तटस्थ असतो, तो तुम्हाला सल्ला देत नाही. इथे सल्ला देणारं तुमचं माणूस तुमच्या शेजारी बसलेलं असतं. ज्या बाईने घरचं बँक स्टेटमेंट कधी पाहिलेलं नाही, तिच्यासाठी हा फरक फार मोलाचा आहे.

भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे करार काळजीने लिहावा लागतो आणि बैठकीतलं बोलणं बाहेर वापरायचं नाही, हे कलमही त्यात घालावं लागतं. घटस्फोट मात्र कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच होतो. नोटरी केलेल्या स्टॅम्पपेपरने तुमचं लग्न संपणार नाही. बोलणी पक्की झाली की कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांना मान्य असलेल्या अटींचा लेखी मसुदा, तयार करून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांनी मिळून अर्ज करायचा. त्यासाठी एक वर्ष विभक्त राहिलेलं असावं लागतं. छप्पर एकच असलं तरी पती-पत्नी म्हणून राहत नसाल तर ते विभक्त राहणंच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेष्टा देवी प्रकरणात म्हटलं आहे. अर्ज केल्यानंतरची सहा महिन्यांची वाट पाहणं कोर्ट माफ करू शकतं, हे २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात आलं. अर्जापूर्वीच दीड वर्ष विभक्त राहणं आणि पोटगी-ताब्याचा खरोखर निकाल लागलेला असणं, या त्यातल्या महत्त्वाच्या अटी आहेत. पहिली तुमच्याकडे आहे.

आता पैसे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांसाठी उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांच्या शपथपत्राचा नमुना दिला आहे. संमतीच्या अर्जात कोणी तो मागितला नाही, तरी पहिल्याच बैठकीत दोघांनी तो भरावा असा आग्रह धरा. आकडे समोर आल्याशिवाय रकमेचा विषयच काढू नका. फ्लॅट कोणाकडे जाणार हे तुम्ही आपसांत ठरवलं तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. कर्जातून तुमचं नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र हातात येईपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करायची नाही. शिवाय हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून एकरकमी पोटगी टप्प्यांत ठेवतात : काही भाग पहिल्या मोशनला म्हणजे अर्जाच्या पहिल्या सुनावणीला, उरलेला दुसऱ्या मोशनच्या म्हणजे शेवटच्या सुनावणीच्या दिवशी. तुमचं स्त्रीधन हिशोबात धरू नका, ते तुमचंच आहे.

मुलीच्या खर्चाचा हक्क मुलीचा आहे. ‘मुलीसाठी काही मागणार नाही’ असं वाक्य मसुद्यात असेल तर ते काढायला लावा. शाळेचा, आजारपणाचा खर्च कोण करणार आणि सुट्ट्या कोणाकडे, हे तारखा-वारांसकट लिहा. तिची गरज बदलली तर ताबा आणि खर्च याबाबत कोर्ट पुढेही आदेश बदलू शकतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारणं माझं काम आहे. घरात मारहाण, धाक किंवा पैशांची अडवणूक असेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. घाबरलेलं माणूस टेबलापाशी बसून मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही. तसं असेल तर आधी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण घ्या, बाकीचं नंतर.

तसं नसेल तर यजमानांना शांतपणे सांगा की मला भांडायचं नाही, पण माझा वकील मीच निवडेन. निवडताना त्या वकिलांना थेट विचारा : बोलणी फिसकटली तर हे प्रकरण सोडाल, असं लिहून द्याल का? जे टाळाटाळ करतील ते एरवी उत्तम वकील असतीलही, या कामासाठी मात्र दुसरे शोधा.