आधी तू जाऊन ये

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री वाचला. उजनीच्या पाण्यातून उन्हाळ्यात वर येणाऱ्या जुन्या पळसदेवला सायकलने जायचं आणि तिथे तंबूत राहायचं, असा बेत. चौदा जणांचा ग्रुप, तीन तारखांवर मतदान, त्यातल्या दोन तारखा पुन्हा बदललेल्या. कोणाला मागे टेम्पो हवाय, कोणाला टेम्पो म्हटलं की अपमान वाटतो. एकाला गिअरच्या सायकलीशिवाय कोणी यायला नको आहे, एकीला घरून अजून परवानगी नाही. आणि शेवटी तुझा प्रश्न: 'मावशी, या सगळ्यांना एकत्र कसं आणू?'

अगं, या सगळ्यात पळसदेव कुठे आहे? एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये त्या गावाबद्दल एकच ओळ आहे, आणि तीही कोणाच्या तरी रीलवरून उचललेली. तू तिथे गेलेली नाहीस. ज्या जागी चौदा जणांना झोपवायचं, ती जागा तू पाहिलेली नाहीस. तुझं घोडं इथे अडलंय, तारखांवर नाही.

आधी तू जाऊन ये. एकटी जा, नाहीतर एका भरवशाच्या मैत्रिणीला घेऊन जा. पण जाऊन ये, एक रात्र राहून ये, आणि मग ग्रुपवर तोंड उघड. तोपर्यंत मतदान बंद.

सायकलवरून का जायचं, उघड्यावर का झोपायचं, हे तुला पटवायची गरज नाही. ते तुझ्यात आहे म्हणूनच मला विचारलंस. त्यामुळे थेट कामाचं बोलते.

पळसदेव ही नकाशावर बोट ठेवून ठरवता येईल अशी जागा नाही. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. भिंत तिकडे माढा तालुक्यात, पण फुगवटा पार भिगवणच्या वर दौंडच्या दिशेला येतो. त्यात जुनं पळसदेव गेलं, नवं गाव सोलापूर हायवेच्या कडेला वसलं. जुन्या गावाचं पळसनाथाचं देऊळ पाण्यातच राहिलं. पाणी उतरलं की आधी शिखर वर येतं, आणखी उतरलं तर देऊळ, वीरगळ, घरांची जोती. पण किती उतरेल ते त्या त्या वर्षावर. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं ६३ च्या वर मृत साठा, म्हणजे एरवी वापरायला न धरलेलं तळचं पाणी. म्हणून पेपरात 'उजनी उणे वीस टक्के' असं छापून येतं तेव्हा धरण कोरडं नसतं, मृत साठ्यातलं पाणी वापरायला घेतलेलं असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ५० च्याही खाली गेलं होतं. उलट एखाद्या वर्षी पाऊस चांगला झालेला असला की मे महिन्यातही देवळाला पाण्याचा वेढा असतो. तुझ्या रीलमधल्या मुलाने ज्या वर्षी सायकल देवळाच्या दारात टेकवली, त्या वर्षीचं पाणी वेगळं होतं. यंदाचं तुला कोण सांगणार? टक्केवारी पेपर सांगेल. गाळ पाय ठेवण्याइतका वाळलाय का, ते पेपर सांगत नाही.

त्या गाळाबद्दल नीट ऐक. वरून भेगाळलेला, टणक, पापडी धरलेला दिसतो. काठापासून शंभर पावलं आत गेलीस की पापडीखाली लोण्यासारखा चिखल असतो, आणि पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या, लादलेली सायकल त्यात रिमपर्यंत बसते. तंबूचे खुंटे त्या भेगांत धरत नाहीत, पहिल्या वाऱ्याला उपटून येतात. आणखी एक गोष्ट कुठल्याही व्हिडिओत दिसणार नाही. पाणी जसजसं मागे हटतं, तसतसे शेतकरी आपल्या मोटारी त्याच्या मागे सरकवत नेतात, पाइप जोडत जातात, केबल वाढवत जातात. त्या केबली गाळावर उघड्या पडलेल्या असतात. कुठे चिकटपट्टी गुंडाळलेला जोड, कुठे जोडाखाली ठेवलेला एक दगड. दिवसा दिसतात. रात्री वीज येते आणि तुझ्यातलं कोणीतरी टॉर्च न घेता तंबूबाहेर पडतं. हे मी तिथे उभं राहून पाहिलं म्हणून मला माहीत आहे. घरी बसून यादी करताना मला हे सुचलं असतं का? नसतं सुचलं. तुलाही सुचणार नाही, आणि त्यात तुझा कमीपणा नाही.

म्हणून म्हणते, आधी जाऊन ये.

आणि ते गाव रिकामं आहे हे डोक्यातून काढून टाक. काठाची हिरवी पट्टी दिसली की मुलं तंबू टाकायला धावतात. ती गाळपेर असते, कोणाचं तरी उन्हाळी पीक. पाण्यातल्या बांबूच्या खुणा म्हणजे कोणाची तरी जाळी. पहाटे मच्छीमार चिलापी काढायला निघतात, त्यांच्या वाटेत तुमच्या सायकली आडव्या पडलेल्या चालणार नाहीत. आधी नव्या गावात जायचं. देवळाजवळ, चहाच्या टपरीवर, जिथे वयस्कर माणसं बसतात तिथे बसायचं. कुठे राहिलं तर कोणाची अडचण होणार नाही हे विचारायचं. चौदा हेल्मेटवाले एकदम जाऊन उभे राहिले की गाव बोलत नाही, गाव बघत राहतं. एकट्या मुलीशी, दोघींशी बोलतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अशाच एका आजोबांनी मला जुन्या गावात फिरवलं होतं. देऊळ त्यांनी सर्वांत शेवटी दाखवलं. आधी जोत्यांच्या ओळी चालायला लावल्या. ही चावडी, हा अमक्यांचा वाडा, इथे आमचं परसू, आणि ही उखळी. जमिनीत गाडलेली दगडी उखळी होती, गाळाने भरलेली. त्यांनी काठीच्या टोकाने गाळ उकरला, बोटाने कडा पुसली आणि म्हणाले, आई इथे बसायची. मी त्यांना सांगून आले की माझ्या मित्रमैत्रिणींना घेऊन येते, सगळं पुन्हा दाखवा. ते म्हणाले, या की.

मग मीही तेच केलं जे तू करते आहेस. सगळ्यांच्या तारखा जुळायची वाट पाहिली. कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा, कोणाची बदली. एक उन्हाळा असा गेला, पुढच्या वर्षी पाणी उतरलंच नाही. आम्ही सगळे मिळून गेलो तेव्हा आजोबा नव्हते. टपरीवाल्याने सांगितलं. ग्रुपने देवळाचे फोटो काढले, सगळे खूश होते. मी त्या जोत्यांमधून फिरले आणि मला चावडी कुठली हे सांगता येईना. ती चुटपुट गेलेली नाही, जायची नाही. ज्यांनी ते गाव नांदतं पाहिलं ती माणसं आता फार वयस्कर आहेत. तुझ्या मतदानासाठी ती थांबणार नाहीत.

आता रस्ता. पुण्यातून साधारण ११५ ते १२० किलोमीटर. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण आणि मग पळसदेव. चढ नावालाच, पण त्यावर विसंबू नकोस. तिथला चढ म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये दौंड-इंदापूर पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हायवेला सावली नाही. तांबडं फुटायच्या आत हडपसर सोडायचं, अकराच्या आत सावलीला बसायचं, चारनंतर पुन्हा निघायचं. नवख्यांना सामानासकट हे एका दिवसात जमत नाही, भलेही ते रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन येत असोत. दौंडपर्यंत रेल्वेने आणि पुढे पन्नासएक किलोमीटर सायकलने, हा माझ्या मते तुमच्यासाठी बरा मार्ग. सायकली पार्सलने जातात का, कोणत्या गाडीने जातात, किती आधी द्याव्या लागतात, हे स्टेशनवर स्वतः जाऊन विचार. ग्रुपमधल्या कोणाच्या मित्राचा अनुभव मला सांगू नकोस. परतताना दुपारी पश्चिमेचा वारा अंगावर येतो, तेव्हा परतीचा वेळ जातानाच्या दीडपट धर.

हायवे सोडून काठाकडे वळलीस की सराटे. वेडी बाभूळही आहे, पण सराट्याचा काटा दिसत नाही, टायरमध्ये बसून राहतो आणि रात्रीतून हवा जाते. सकाळी उठावं तर चौदातल्या सहा सायकली बसलेल्या. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात. बारीक व्हॉल्व्हवाल्यांचा पंप जाड व्हॉल्व्हला चालतो का, हे पुण्यातच लावून बघा.

पाणी पुण्याहून किंवा भिगवणहून भरून घ्यायचं. फुगवट्यातलं पिऊ नका, गाळून नाही आणि उकळूनही नाही. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं, हे पुणेकरांनी तरी विसरू नये. स्वयंपाक करू नका. गावात आदल्या दिवशी सांगितलं तर भाकरी-पिठलं मिळतं, भिगवणला मासे मिळतात. स्टोव्ह आणि भांडी वाहून नेण्यात काही शौर्य नाही. आणि मुलींसाठी एक गोष्ट, जी तुझ्या यादीत कुठेच नाही. त्या उघड्या पात्रात आडोसा म्हणून झुडूपसुद्धा नसतं. गावात कोणाच्या घरी, शाळेत, देवळापाशी काय सोय होईल हे आधी ठरलेलं हवं. ते फोनवर ठरत नाही. त्यासाठी कोणाच्या तरी ओट्यावर बसून चहा घ्यावा लागतो.

बोटीचं सांगते आणि इथे मला वाद नको. देवळाला पाणी असेल तर मच्छीमार बोटीने नेतात. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. कळाशी पळसदेवच्या जवळचंच. रोजची वाट, रोजची माणसं, पाणी पाठ असलेली, तरीही. वळवाचं वादळ दुपारनंतर येतं, आधी काही कळू देत नाही. बोटीत बसायचं तर सकाळी, लाइफ जॅकेट असेल तर. नसेल तर काठावरून शिखर बघा आणि परत या. तंबूही पात्रात नाही, वर पक्क्या जमिनीवर लावायचे. दगडांच्या ढिगाऱ्यात तर मुळीच नाही, तिथे विंचू असतात.

तुला कोणीतरी सांगितलं असेलच की मी हेकेखोर आहे. एका वर्षी आमचा अशाच बुडित गावाचा बेत होता, माणसं सुट्ट्या घेऊन बसली होती, आणि घरच्या आजारपणामुळे माझं आधी जाणं झालं नव्हतं. मी आदल्या संध्याकाळी बेत रद्द केला. चौघे माझ्याशिवाय गेले, मजेत राहून आले, आणि त्यातल्या दोघांनी पुढे माझ्याबरोबर यायचं सोडलं. म्हणाले, बघ, काही झालं नाही. काही झालं नाही हे मला मान्य आहे. पण त्या रात्री त्यांच्यातलं कोणी आजारी पडलं असतं, तर सर्वांत जवळचं दार कोणाचं, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मी नेते तेव्हा मला ते दार माहीत असतं. त्या दारातल्या माणसाला माझं नाव माहीत असतं. एवढं नसेल तर मी लोकांना घराबाहेर काढत नाही, आजही काढणार नाही. मित्र गेले याचं वाईट वाटतं. बेत मोडला याचं वाटत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात तुझी भर नको.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देते, कारण तू जाऊन आलीस की ती तुझी तुलाच मिळतील. टेम्पो असावा, पाणी आणि दमलेली माणसं न्यायला. गिअरची अट काढून टाक. चौदा फार होतात, आठ पुष्कळ. परवानगी नसलेल्या मुलीच्या आईशी तू स्वतः बोल, पण जाऊन आल्यावर बोल. 'मी तिथे राहून आले, अमक्यांच्या घराशेजारी झोपले' असं सांगितलंस की आई ऐकते. आत्ता बोललीस तर पालथ्या घड्यावर पाणी. तारखेचंही तसंच. मतदान टाकू नकोस, तारीख सांग. ज्यांना जमेल ते येतील.

या शनिवारी नको, पुढच्या शनिवारी निघ. घरी सांगून जा आणि अंधार पडायच्या आत गावात पोच. पहिल्या रात्री तंबू काठावर लावू नकोस, गावात कोणाच्या तरी अंगणात विचारून लाव. दुसऱ्या दिवशी पहाटे पात्रात उतर, सायकल वर ठेवून, काठी घेऊन, कोणातरी गाववाल्याच्या मागून. केबली कुठून कुठे गेल्यात ते वहीत काढ. गाळपेर कुठे संपते, गाळ कुठे मऊ लागतो, शिखरापर्यंत पाणी किती, पक्की जमीन कुठली, सगळं काढ. फोटो नंतर काढ.

माझा दोघींचा तंबू माळ्यावरून उतरवून ठेवलाय, पोलची एक दोरी बदलायला झाली आहे. बुधवारी सहानंतर घरी ये, तेव्हा ती बदलू आणि कॅरिअरवर बांधून बघू. येताना सायकल घेऊनच ये, तुझं मागचं चाक मला बघायचंय.

तुझी,
मावशी