सेंट लुईसहून मेम्फिसला जाताना इलिनॉयमधल्या कैरोला थांबावं का? ते पुरामुळे ओस पडलं का?

आधी उच्चार. तिथले लोक 'केअरो' म्हणतात. थांबा जरूर, पण आय-५५ महामार्ग सोडून वाकडी वाट करावी लागेल.

आता 'पुरामुळे'. हेच आमच्या दाजींनी मला तिथं उभं राहून ऐकवलं होतं, "पाण्यापुढं कुणाचं चालतंय होय?" आम्ही कराडचे, संगम म्हटला की आमची गाडी वळतेच. गावाच्या दक्षिणेला फोर्ट डिफायन्स नावाचं उद्यान आहे, त्याच्या टोकावर गेलो. डावीकडून ओहायो, हिरवट. उजवीकडून मिसिसिपी, दूध जास्त झालेल्या चहासारखी. मधे शिवण घातल्यासारखी रेघ, लांबवर गेलेली. खरं तर पाणी ओहायोचं जास्त, पण पुढे नाव लागतं मिसिसिपीचं. बायकांना हे समजावून सांगायला नको.

गावात शिरतानाच रेल्वेच्या बांधाखाली अवाढव्य लोखंडी दरवाजा आहे. पूर आला की तो खाली सोडायचा, गाव बंद. १९३७ च्या महापुरात गाव वाचलं. २०११ च्या मे महिन्यात तर लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडचा बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंगाने उडवला, मिझुरीतली सुमारे १,३०,००० एकर शेतजमीन पाण्याखाली घातली आणि हे गाव वाचवलं. मग १९२० मधली १५,००० वस्ती २०२० मध्ये १,७३३ वर आली ती कशाने?

माणसांनी. काळ्या मुलांना पोहू द्यावं लागेल म्हणून साठच्या दशकात पोहण्याचा तलावच बंद केला. १९६९ पासून काळ्या रहिवाशांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला, एक मोठी मागणी ही की आम्हालाही नोकऱ्या द्या. कित्येकांनी दुकानाला कुलूप लावलं, पण काळा माणूस गल्ल्यावर बसवला नाही. कमर्शियल अॅव्हेन्यूवर बघा, विटांच्या भिंती उभ्या आणि खिडकीतून झाड बाहेर आलेलं.

हां, आगबोटी संपल्या, पूल झाले, आय-५७ बाहेरून गेला, हेही खरं. पण तासाभरावर, ओहायोच्याच काठी, पडूका आहे (दाजींनी लगेच 'पादुका' केलं). १९३७ मध्ये ते जवळजवळ सगळं बुडालं होतं. आज तिथे २५,००० च्या वर लोक राहतात.

जेवण आधीच उरकून घ्या. आणि दाजी, वाचत असाल तर पादुकांचं काय ते सांगा.