वाचकांचे प्रश्न: आकाशाच्या फोटोंच्या ‘फ्लॅट’साठी घरचा लाइट बॉक्स

प्रश्न : सोलापुरात गच्चीवरून ६ इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण आणि डीएसएलआरने तेजोमेघांचे फोटो काढतो. कोपरे काळवंडतात, मध्ये धुळीच्या गोल कड्या दिसतात. दुर्बिणीच्या नळीवर पांढरा टी-शर्ट ताणून संधिप्रकाशात फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो, ज्यांनी मूळ फोटोंना भागून असे दोष काढतात) घेतले, पण उजेड भराभर उतरतो. लाइट बॉक्स घरी करता येईल का? मुख्य आरसा धुवावा का?

उत्तर : आरसा धुऊ नका. त्याच्यावरच्या धुळीने कड्या उमटत नाहीत. त्या सेन्सरजवळच्या कणांच्या सावल्या. कडी लहान आणि गडद असेल तर कण सेन्सरच्या काचेवर आहे, मोठी आणि फिकट असेल तर त्याच्या पुढे, फिल्टर किंवा कोमा करेक्टरवर (कडेचे तारे नीट दिसावेत म्हणून लावतात ते भिंग). सोलापूरच्या कोरड्या धुळीत कण पुन्हा बसणारच, तेव्हा बॉक्स कराच.

फोम बोर्डची २६ सेंमी चौरस, ८ सेंमी खोल पेटी करा. आतून मॅट पांढरा रंग द्या, चकाकणारा नको. झाकणाला मधोमध २० सेंमीचे गोल भोक पाडा (आधी नळीचा बाहेरचा व्यास मोजा). १२ व्होल्टची, मीटरला ६० दिव्यांची पांढरी एलईडी पट्टी दर ३ दिव्यांवर कापता येते. तिचे २० सेंमीचे ४ तुकडे झाकणाच्या आतल्या बाजूला, चारही कडांना लावा. दिव्यांची तोंडे पेटीच्या तळाकडे हवीत. उजेड तळावर आपटून परत येतो, म्हणून ठिपके दिसत नाहीत. भोकावर ३ मिमी दुधी अ‍ॅक्रिलिक बसवा. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे तुकडे मिळतात. १ अँपियरचा अडॅप्टर पुरतो.

उजेड जास्त वाटला तर डिमर लावू नका. स्वस्त डिमर दिवे भराभर चालू-बंद करतो आणि लहान एक्स्पोजरमध्ये आडवे पट्टे येतात. अ‍ॅक्रिलिकवर साधे पांढरे कागद वाढवत जा, एक्स्पोजर १ ते २ सेकंदांवर आणा. आयएसओ मूळ फोटोंचाच ठेवा, रॉ फाइल घ्या. हिस्टोग्रॅमचे (कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या उजेडाच्या आलेखाचे) शिखर मध्याच्या किंचित डावीकडे हवे. पांढऱ्या एलईडीत लाल कमी असतो, म्हणून लाल रंगाचा आलेख वेगळा बघा. तो डाव्या भिंतीला चिकटला तर एक्स्पोजर वाढवा. असे ३० फ्लॅट घ्या, मग दुर्बिणीचे झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे २० डार्क-फ्लॅट (फ्लॅटमधून वजा करायचे अंधारातले फोटो).

बॉक्स एकसारखा आहे ना, हे तपासल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवू नका. एक फ्लॅट घ्या, बॉक्स ९० अंश फिरवून दुसरा घ्या, एकाला दुसऱ्याने भागा. उजेडाचा उतार दिसला तर दोष बॉक्सचा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कॅमेरा काढून परत लावल्याने. कड्या जागेवरून सरकतात आणि प्रत्येकीला एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने पांढरी कड येते. फ्लॅट होईपर्यंत कॅमेरा आणि फोकस दोन्ही हलवू नका.

प्रश्न : जानेवारीत घेतलेले डार्क (झाकण लावून घेतलेले, मूळ फोटोंमधून वजा करायचे फोटो) मे महिन्यात चालतील का?

उत्तर : नाही. सेन्सरचा डार्क करंट (उजेड नसतानाही त्यात तयार होणारा संकेत) तापमान वाढताना साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो आणि डीएसएलआरला थंड करणारी यंत्रणा नसते. त्याच रात्री, फोटो संपताच डार्क घ्या. व्ह्यूफाइंडर झाका, न्यूटोनियनच्या मागच्या टोकातूनही उजेड शिरतो, तिथे जाड चादर गुंडाळा.