तायक्वांदोचा क्लास लावण्याआधी

भावा, जुळे सोलापुरातल्या क्लासच्या बोर्डावर ‘सहावा डान’ वाचलास म्हणून लगेच फी भरू नकोस. डान म्हणजे ब्लॅक बेल्टमधली पायरी, ती कुणी दिलीय ते आधी बघ. तायक्वांदोत सोलच्या कुक्कीवॉनचं, म्हणजे तिथल्या मुख्य तायक्वांदो संस्थेचं, सर्टिफिकेट जगभर चालतं. त्यावर नंबर असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. सरांना नम्रपणे विचार, खरा माणूस रागावत नाही. वयाचाही हिशोब लाव. पहिल्या डाननंतर दुसऱ्याला किमान 1 वर्ष, तिसऱ्याला आणखी 2, चौथ्याला 3, असं थांबावं लागतं. पंचविशीतला सहावा डान त्यात बसतच नाही.

पण कागद खरा म्हणजे शिकवणं चांगलं, असं नाही रे. संध्याकाळी तासभर कडेला बसून बघ. पिवळ्या बेल्टचं पोरगं राउंड किक मारताना जमिनीवरचा पाय वळवत नाही, गुडघा पिळवटतो. तिथे सर थांबून तो पाय वळवून घेतात, की नुसतं “जोरात!” ओरडतात? फाइटला हेडगार्ड, चेस्टगार्ड घालायला लावतात का? मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण गुडघा एकदा गेला की खेळ सुटतो.

बाहेर थांबलेल्या पालकांना बेल्ट परीक्षेची फी विचार. कुणी कधी नापास झालंय का, हेही विचार.