पुन्हा पाहाव्यात अशा माहितीपट मालिका कोणत्या?

पुन्हा पाहाव्याशा वाटणाऱ्या माहितीपट मालिका कोणत्या, आणि त्यांतली एकच निवडायची झाली तर कोणती, असे तुम्ही विचारले आहे. माझी निवड ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ ही आहे. दुसऱ्या महायुद्धावरची ही २६ भागांची मालिका ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने तयार केली आणि ती ऑक्टोबर १९७३ ते मे १९७४ या काळात प्रक्षेपित झाली. निर्माते होते जेरेमी आयझॅक्स आणि निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे.

पहिला भाग फ्रान्समधल्या ओरादूर-स्युर-ग्लान या गावाच्या अवशेषांपासून सुरू होतो. १० जून १९४४ रोजी एसएस या नाझी जर्मनीच्या सशस्त्र दलाच्या सैनिकांनी येथील रहिवाशांची कत्तल केली आणि गाव जाळले. पडक्या भिंती, रिकामा रस्ता आणि मोजके निवेदन एवढ्यावर हा प्रसंग उभा राहतो. आजच्या मालिकांमध्ये अशा जागी नटांकडून प्रसंग वठवून घेतात आणि मागे अखंड संगीत वाजत राहते. मला तो प्रेक्षकावरचा अविश्वास वाटतो.

या मालिकेचे खरे बळ तिच्या साक्षीदारांत आहे. चित्रण झाले तेव्हा युद्धाला जेमतेम तीस वर्षे लोटली होती, त्यामुळे आदेश देणारे, ते पाळणारे आणि त्यांत भरडले गेलेले असे सगळेच बोलायला हयात होते. आयझॅक्स यांनी नामांकित पुढाऱ्यांपेक्षा त्यांच्या हाताखालच्या माणसांना प्राधान्य दिले. एसएसचा प्रमुख हिमलर याचा निकटचा सहायक कार्ल वोल्फ याला कॅमेऱ्यासमोर आणणे सर्वांत अवघड गेले, असे सांगतात. एका सामूहिक गोळीबाराच्या वेळी हिमलर अगदी जवळ उभा होता, मेलेल्याच्या मेंदूचे शिंतोडे त्याच्या कोटावर उडाले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला, हे वोल्फ ज्या सहजतेने सांगतो, ती सहजताच अंगावर येते. निवेदक त्यावर मतप्रदर्शन करीत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

मालिकेला मर्यादाही आहेत. ब्रिटिशांनी जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश उलगडले होते, हे गुपित तोपर्यंत जाहीर झालेले नसल्याने अटलांटिकवरच्या पाणबुडी-युद्धाचा भाग आज अपुरा वाटतो. चीन-जपान युद्धाला स्वतंत्र भाग मिळालेला नाही, हेही खटकते. ब्रह्मदेशाच्या आघाडीला मात्र चौदावा भाग दिला आहे, आणि इंफाळ-कोहिमाच्या लढाईत भारतीय सैनिक मोठ्या संख्येने असल्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाने तो चुकवू नये.

दुसरी शिफारस बीबीसीच्या ‘द असेंट ऑफ मॅन’ या १३ भागांच्या मालिकेची. तीही १९७३ चीच. गणितज्ञ जेकब ब्रोनोव्स्की तीत विज्ञानाचा इतिहास सांगतात. अकराव्या भागात ते आउशवित्झ या नाझींच्या मृत्युछावणीतल्या तळ्यात बूट-सुटासह उतरतात आणि तिथला चिखल मुठीत घेतात. त्या छावणीत त्यांचे अनेक नातेवाईक मारले गेले होते, हे ठाऊक असले म्हणजे निःसंशय खात्री बाळगणाऱ्यांविषयीचे त्यांचे त्या वेळचे बोलणे निव्वळ तात्त्विक राहत नाही. वन्यजीवांची आवड असेल, तर २००६ ची ‘प्लॅनेट अर्थ’ पाहायला हरकत नाही. छायाचित्रण अप्रतिम आहे, पण मी ती सहसा दुसऱ्यांदा लावत नाही.

‘द वर्ल्ड ॲट वॉर’चे सव्वीसही भाग पाहणे जमणार नसेल, तर पहिला, स्टालिनग्राडचा नववा आणि ज्यूंच्या संहारावरचा विसावा भाग तरी पाहा, मात्र विसाव्याला जोडून लगेच दुसरा भाग लावू नका.