काढलेलं इम्प्लांट हॉस्पिटलमध्ये सोडून येऊ नका

ताई, तुमच्या पत्राचा गोषवारा असा. यजमानांचा खुब्याचा सांधा 2023 साली बदलला, सिमेंट न वापरता, 'हाडाशी एकजीव होणारं कोटिंग' असलेला. आता एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडातला दांडा सैल दिसतोय, पुढच्या आठवड्यात पुन्हा ऑपरेशन आहे. हॉस्पिटल म्हणतं, "शरीरानं स्वीकारलं नाही." केस कुणावर करायची आणि दोन वर्षं उलटल्यानं हक्क बुडाला का, हे तुम्ही विचारलंय.

केसचं नंतर बघू. उद्याच हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या, पोच घ्या: काढलेला दांडा कचऱ्यात टाकू नये, ब्रशनं घासू नये, फोटो काढून सीलबंद आमच्या ताब्यात द्यावा. पैसे तुम्ही मोजलेत, वस्तू तुमची आहे. आणि सगळा पुरावा तिच्या पृष्ठभागावर आहे. अशा दांड्यात बहुधा टायटॅनियमवर हायड्रॉक्सीअपेटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा, अगदी पातळ थर असतो; तेच ते कोटिंग. हाडाच्या पेशी त्याला चिकटतात आणि नवं हाड धरतं. थर धातूपासून सोललेला निघाला, तर संशय कंपनीवर जातो. थर शाबूत असून हाड धरलं नसेल, तर दांड्याचं माप, बसवण्याची पद्धत, जंतुसंसर्ग हे प्रश्न येतात. म्हणून भोवतालच्या ऊतीची कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) आणि बायोप्सी (ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), दोन्ही मागा. हा थर काळानुसार शरीरात विरघळतोही, आणि कंपनी नेमकं तेच म्हणेल. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहून भागणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 खाली ग्राहक आयोग वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

थरात उत्पादनदोष निघाला तर कलम 84 खाली कंपनी जबाबदार. डॉक्टरांविरुद्ध मात्र निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, तेव्हा अहवालाआधी त्यांच्यावर आरोप करू नका. केसपेपर मागा, ते 72 तासांत द्यावे लागतात. त्यात इम्प्लांटचा लॉट नंबर (कंपनीच्या उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) असलेलं स्टिकर आहे का, ते आधी तपासा. तक्रार तुमच्याच जिल्हा आयोगात करता येते.

मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. दोष आत दडलेला असेल, तर तो कळला किंवा कळायला हवा होता तेव्हापासून ती मोजतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 च्या श्रीखंडे निकालात म्हटलंय. मात्र तिथली तक्रारदार परिचारिका दुखणं सोसत वर्षानुवर्षं गप्प राहिली आणि हरली. यजमानांचं दुखणं कधी सुरू झालं, कुणाला दाखवलं, ते तारीखवार लिहून काढा. खबरदारी म्हणून कलम 69 खाली विलंबमाफीचा अर्जही तक्रारीसोबत जोडा, दांडा सैल दिसलेला पहिला एक्स-रे त्याला लावा.